मुंबईचें एक तारू आणि जीर्णोद्धाराचा विचार

वर्धा जिल्ह्यांत बसून जहाजांविषयीं लिहावयास घ्यावें, हें पुष्कळांस विचित्र वाटण्याचा संभव आहे. समुद्र येथून शेंकडों मैल दूर. ज्या नदीवरून जिल्ह्यास नांव पडलें, ती मुलताईच्या पठारावर उगम पावून वऱ्हाडची शीव आंखीत दक्षिणेकडे जाते व वैनगंगेस मिळून प्राणहिता होते. परंतु जहाज कशास म्हणतात हें तिला ठाऊक नाहीं. भोई-ढीवरांचा डोंगा, एवढीच आमची नौकानयनाची पुंजी. तथापि जुनी वस्तू जतन करणें म्हणजे नेमकें काय, हा प्रश्न ज्या थोड्या जिल्ह्यांस वर्षानुवर्षें सुटत नाहीं, त्यांत आमचा एक आहे. सेवाग्रामच्या मातीच्या कुट्या हा प्रश्न आम्हांस दर पावसाळ्यानंतर विचारतात. त्याचें उत्तर शोधतांना आम्हांस एका जहाजाच्या चरित्राचा मोठा उपयोग झाला, आणि तें जहाज महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावर बांधलेलें असल्यामुळें त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

पाश्चात्य देशांत जुन्या नौकांचा जीर्णोद्धार हें एक मोठें शास्त्र होऊन बसलें आहे. केवळ युद्धनौका किंवा व्यापारी तारवेंच नव्हेत, तर शर्यतीसाठीं बांधलेल्या यांत्रिक होड्याही तेथें जिवापाड जपल्या जातात. माल्कम कॅम्बेल ह्या इंग्रज वीराची ‘ब्लूबर्ड के ३’ ही लांकडी होडी १९३७ सालीं इटलीच्या सीमेवरील माज्जोरे सरोवरावर ताशीं १२९ मैलांहून अधिक वेगानें धांवली व पुढील वर्षीं स्वित्झर्लंडांत तिनें ताशीं १३० मैलांची मर्यादा ओलांडली. वस्तुतः अशा होडीचें आयुष्य दोन-चार उन्हाळ्यांचें. हलकेपणा हाच तिचा गुण, आणि जें हलकें तें टिकाऊ नव्हे. वेगाचा उच्चांक दुसऱ्या होडीकडे गेला कीं पहिली निरुपयोगी. असें असूनही तिचा जीर्णोद्धार करून ह्या शतकांत ती पुनः पाण्यावर आणण्यांत आली. हें ऐकून, ‘त्यांच्याकडे पैसा आहे, म्हणून हे लाड चालतात’, असें आपल्याकडील मनुष्य चटकन् म्हणेल. त्यांत तथ्यांश आहे. परंतु तें सर्व सत्य नव्हे, हें पुढील हकीकतीवरून दिसून येईल.

इ. स. १७३६ च्या सुमारास सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया हा पारशी कारागीर ईस्ट इंडिया कंपनीच्या बोलावण्यावरून कांहीं सुतारांसह मुंबईस आला. मुंबईचें बंदर खोल व सुरक्षित होतें. उणीव होती ती जहाजें बांधणाऱ्या हातांची. ती उणीव लवजीनें व त्याच्या वंशजांनीं अशी भरून काढली कीं, पुढें दीडशें वर्षें वाडिया हें नांव व मुंबईची गोदी हीं जणूं एकरूप झालीं. १७५० सालीं मुंबईस पहिली कोरडी गोदी झाली व ती आशिया खंडांतील अशा प्रकारची पहिली गोदी म्हणून समजली जाते. पुढें १८१० च्या सुमारास डंकन गोदी बांधून पुरी झाली. ती आजही भारतीय नौदलाच्या उपयोगांत आहे.

ह्या घराण्यांतील सर्वांत नांवाजलेला पुरुष म्हणजे लवजीचा नातू जमशेदजी बमनजी. नेपोलियनशीं चाललेल्या युद्धामुळें इंग्लंडांत ओकच्या लांकडाचा तुटवडा पडला, तेव्हां इंग्रजी आरमारखात्याची दृष्टि मलबारच्या सागाकडे वळली. सागवान तेलकट असतें. त्यांत ठोकलेला लोखंडी खिळा लवकर गंजत नाहीं, उलट ओकमधील आम्ल खिळ्यास खाऊन टाकतें. सागाला कीड व कुज सहजासहजीं शिवत नाहीं. शिवाय तोफेचा गोळा लागला असतां ओकच्या ज्या प्राणघातक चिरफळ्या उडत, तशा सागाच्या उडत नसत असें त्या काळचे दर्यावर्दी सांगत. मुंबईच्या कारागिरांची फळ्या जोडण्याची रीतही निराळी होती. दोन फळ्या नुसत्या कडेला कड लावून न बसवितां एकीच्या कडेस खांच पाडून दुसरी तींत बसवीत, त्यामुळें सांधा घट्ट होई. ह्या लांकडाची व ह्या हातांची गांठ पडून ‘मिंडेन’, ‘कॉर्नवॉलिस’, ‘वेलस्ली’ अशा एकाहून एक मोठ्या युद्धनौका मुंबईच्या पाण्यांत उतरल्या. चीनची मान वांकविणारा नानकिंगचा तह २९ ऑगस्ट १८४२ रोजीं झाला, तो ह्याच ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावर. आमच्या कारागिरीनें परक्यांच्या साम्राज्याची सेवा केली, हें शल्य येथें मनास बोंचल्यावांचून राहत नाहीं. परंतु कारागिराची योग्यता त्याच्या धन्यावरून ठरवूं नये, हेंही तितकेंच खरें.

आतां आमच्या मुख्य जहाजाकडे वळूं. त्याचें नांव ‘ट्रिंकोमाली’. सिंहलद्वीपांतील बंदरावरून तें ठेवलेलें. जहाजाचा आकार मूळ फ्रेंचांचा. १७८२ सालीं इंग्रजांनीं पकडलेल्या ‘हेबे’ नांवाच्या फ्रेंच फ्रिगेटवरून तो घेतला होता. लांकूड मलबारचें, हात मुंबईचे, धनी इंग्रज व नांव सिंहली, असा हा चमत्कारिक संगम. १८१२ सालीं जहाज बांधण्याचा हुकूम निघाला व नकाशे ‘जावा’ नांवाच्या नौकेवरून मुंबईस धाडण्यांत आले. परंतु त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ‘कॉन्स्टिट्यूशन’ ह्या अमेरिकन युद्धनौकेनें ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ ‘जावा’चा पाडाव केला. नकाशे पुनः पाठवावे लागले. अखेर १८१६ सालीं जहाजाचा कणा घातला गेला. त्या वेळीं पारशी चालीप्रमाणें त्यांत चांदीचा खिळा ठोकण्यांत आला, आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं जहाज पाण्यांत उतरलें. त्याच्या नाळेवर पागोटें घातलेल्या मिशाळ पुरुषाची काष्ठमूर्ति आहे. त्याच सुमारास, म्हणजे नोव्हेंबर १८१७ मध्यें, इकडे खडकीची लढाई होऊन पेशवाईच्या अखेरीस आरंभ झाला, व नोव्हेंबरच्या अखेरीस नागपुरास सीताबर्डीवर तोफा धडाडल्या. एकाच शरदृतूंत आमचें राज्य बुडत होतें व आमच्या सुतारांचें जहाज तरत होतें.

जहाज १८१९ सालीं इंग्लंडास पोंचलें. वाटेंत सेंट हेलेना बेटावर त्यानें मुक्काम केला; तेथें नेपोलियन कैदेंत होता, आणि त्याची प्रकृति पाहणारा स्टोको नांवाचा शस्त्रवैद्य ह्याच जहाजानें परत गेला. परंतु युद्ध संपलेलें होतें. नव्या जहाजास काम नव्हतें. म्हणून डोलकाठ्या उतरवून तें जवळ जवळ पंचवीस वर्षें नुसतें बांधून ठेविलें. १८४५ सालीं त्याच्या मागील भागाचा आकार पालटून व तोफांची संख्या कमी करून त्यास पुनः कामास जुंपलें. वेस्ट इंडीज, उत्तर अमेरिका व पुढें पॅसिफिक महासागर असा प्रवास करून १८५७ मध्यें तें परतलें. तोंपर्यंत आगबोटींचा काळ आला होता. १८६० पासून तें तरुण खलाशांच्या शिक्षणासाठीं वापरण्यांत येऊं लागलें, व १८९७ च्या मे महिन्यांत मोडीत विकलें गेलें.

येथें जहाजाची कथा संपावयाची; परंतु त्याच वर्षीं जून महिन्यांत दुसरी एक घटना घडली. जॉर्ज व्हीट्ली कॉब नांवाच्या एका गृहस्थानें नेल्सनची जुनी ‘फूद्रॉयां’ ही नौका स्वखर्चानें सुधारून मुलांच्या शिक्षणासाठीं ठेविली होती. ती ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळांत सांपडून फुटली. मनुष्य खचून जावयाचा. पण कॉबनें भंगलेल्या नौकेच्या लांकडाचें सामान व तांब्याचीं पदकें करवून विकलीं, मोडीत निघालेली ‘ट्रिंकोमाली’ विकत घेतली, तिला नीटनेटकी करून आपल्या गेलेल्या नौकेचेंच ‘फूद्रॉयां’ हें नांव दिलें व मुलांचें शिक्षण पुढें चालू केलें. मुंबईचें जहाज असें दुसऱ्याच्या नांवानें पाऊणशें वर्षांहून अधिक काळ जगलें. १९८६ पर्यंत मुलें त्यावर राहून समुद्राची विद्या शिकत होतीं.

त्याच्या शेजारीं ‘इंप्लॅकेबल’ नांवाची आणखी एक जुनी नौका असे. ती मूळ फ्रेंच, ट्राफल्गारच्या संग्रामांत लढलेली व त्यानंतर थोड्याच दिवसांत इंग्रजांच्या हातीं लागलेली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिची दुरुस्ती फार खर्चाची ठरली. २ डिसेंबर १९४९ रोजीं तिला समुद्रांत नेऊन, इंग्रजांचें व फ्रेंचांचें अशीं दोन्ही निशाणें लावून, सुरुंगानें उडविण्यांत आलें. सुरुंग उडाल्यावरही ती बराच वेळ बुडेना. ह्या प्रसंगानें तिकडील लोकांच्या मनास असा चटका बसला कीं, जुन्या जहाजांच्या रक्षणाची जी चळवळ पुढें वाढली तिच्या मुळाशीं हाच दिवस आहे असें मानतात. म्हणजे जतन करण्याची बुद्धि तिकडेही जन्मजात नव्हती; ती नुकसानींतून आली.

१९८७ सालीं ‘फूद्रॉयां’ इंग्लंडच्या उत्तरेकडील हार्टलपूल गांवीं आणण्यांत आली. हार्टलपूलच कां? हा गांव एके काळीं जहाजबांधणीचा. पण ते कारखाने केव्हांच बंद पडून कारागीर बेकार झालेले. १९७९ पासून तेथें ‘वॉरियर’ ह्या लोखंडी युद्धनौकेचा जीर्णोद्धार चालला होता. ती १९८७ मध्यें पुरी होऊन पोर्ट्समथास गेली, आणि आठ वर्षें हात बसलेले कारागीर पुनः रिकामे होण्याच्या बेतांत होते. त्या हातांना ‘ट्रिंकोमाली’ मिळाली, किंवा ‘ट्रिंकोमाली’ला ते हात मिळाले. १९९२ त तिचें मूळ नांव परत देण्यांत आलें. दहा वर्षांहून अधिक काळ काम चालून २००१ मध्यें तें पुरें झालें. खर्च एक कोटी पौंडांहून जास्त. उघडून पाहतां असें आढळलें कीं, पावणेदोनशें वर्षांनंतरही सागवानाचा मोठा भाग शाबूत आहे. जहाजाच्या देहाचा निम्म्याहून बराच अधिक भाग मुंबईच्याच लांकडाचा ठेवतां आला. तुलनेसाठीं नेल्सनची ‘व्हिक्टरी’ पाहा. ती ओकची, १९२२ पासून ती कोरड्या गोदींत उभी आहे, व तिचें पुष्कळसें लांकूड वेळोवेळीं पालटावें लागलें आहे. ‘ट्रिंकोमाली’ मात्र आजही पाण्यावर तरंगत आहे, व ब्रिटनमधील तरंगत्या जुन्या युद्धनौकांत तिच्याहून वयोवृद्ध कोणी नाहीं.

आतां खरा प्रश्न. जिच्या फळ्या बदलल्या, डोलकाठ्या नव्या, दोरखंड नवीन, ती नौका तीच कीं दुसरी? ग्रीक लोकांनीं थीसियस राजाच्या नौकेविषयीं हाच वाद घातल्याचें प्लूटार्कनें नमूद केलें आहे, व तत्त्वज्ञांस तो अद्याप पुरतो. परंतु कामकरी मनुष्यास वादापेक्षां निर्णय लागतो, आणि जीर्णोद्धारांत निर्णय पावलोपावलीं करावे लागतात. जहाज १८१७ सालचें करावें, कीं १८४५ चे फेरफार ठेवावेत? प्रशिक्षणाच्या काळांत मुलांसाठीं केलेल्या सोयी काढून टाकाव्या काय? त्या काढल्या तर जहाज ज्यांच्यामुळें जिवंत राहिलें त्यांचाच इतिहास पुसला जाईल. आमच्या मतें ह्यास एकच उत्तर नाहीं. पण एक नियम निश्चित आहे: जें काढावयाचें तें कां काढलें हें सांगतां आलें पाहिजे, व जें नवें घातलें तें जुनें म्हणून खपवूं नये.

येथें सेवाग्रामकडे वळावें. ३० एप्रिल १९३६ रोजीं महात्माजी सेगांवांत राहावयास आले. तेथें उभ्या राहिलेल्या कुट्या माती, बांबू, लांकूड व कौलें अशा जवळपास मिळणाऱ्या वस्तूंच्या. आज जिला बापूकुटी म्हणतात ती प्रथम मीराबेन ह्यांची होती. भिंतीवर त्यांनीं मातीचीं उठावाचीं चित्रें काढलीं आहेत. १९४६ सालीं महात्माजी तेथून गेले ते परत आले नाहींत. दगडाची इमारत असती तर तशीच उभी राहिली असती. मातीच्या घरास तशी सोय नाहीं. पावसानें भिंत धुपते, कौल फुटतें, बांबूस भुंगा लागतो. दरवर्षीं लिंपावें लागतें, कौलें चाळावीं लागतात. मग १९३६ ची माती तेथें किती उरली असेल? मोजावयास गेल्यास मोठी अडचण होईल. तरी ती बापूकुटी नाहीं असें म्हणण्यास कोणाचीही जीभ धजणार नाहीं. कारण लिंपण्याची रीत तीच आहे, माती त्याच गांवची आहे, आणि ज्या साधेपणासाठीं ती कुटी बांधली गेली तो साधेपणा दरवर्षींच्या लिंपणांत पुनः पाळला जातो. सिमेंटानें एकदां कायमची पक्की केली असती तर वस्तू टिकली असती व कुटी गेली असती.

ह्यावरून आम्हांस असें वाटतें कीं, वस्तू तीन गोष्टींनीं टिकते: चांगल्या द्रव्यानें, चालू कामानें व तयार हातांनीं. ‘ट्रिंकोमाली’पाशीं सागाचें द्रव्य होतें, शाळेच्या रूपानें सव्वाशें वर्षें काम होतें, आणि ऐन वेळीं हार्टलपूलचे हात मिळाले. ‘इंप्लॅकेबल’पाशीं काम होतें, पण द्रव्य झिजलें होतें आणि हात व पैसा उभा करण्याची इच्छा त्या वेळीं नव्हती. पैसा महत्त्वाचा खरा. परंतु तो ह्या तिन्हींच्या मागून येतो.

हीच कसोटी आपल्या घरास लावली तर काय दिसतें? मराठ्यांच्या आरमाराचें एकही जहाज आज उरलेलें नाहीं. फेब्रुवारी १७५६ मध्यें विजयदुर्गास तुळाजी आंग्र्याचें आरमार जळून खाक झालें. इंग्रजांच्या तोफांनीं जाळलें, आणि पेशवे त्या वेळीं इंग्रजांचे दोस्त होते. आग प्रथम लागली ती आंग्र्यानें पूर्वीं इंग्रजांकडून जिंकलेल्या ‘रेस्टोरेशन’ नांवाच्या जहाजास, व त्यावरून ती साऱ्या ताफ्यांत पसरली. जीर्णोद्धार किंवा पुनःस्थापना असा ज्याच्या नांवाचा अर्थ, त्याच जहाजानें सर्वनाश करावा, हा दैवाचा क्रूर विनोदच म्हणावयाचा. वाडियांच्या जहाजांची गतही पाहण्यासारखी आहे. ‘वेलस्ली’ १९४० च्या सप्टेंबरांत थेम्स नदींत जर्मन विमानांच्या माऱ्यास बळी पडली. १८२१ ची ‘गँजेस’ १९३० त मोडली, व तिच्या कप्तानाची खोली डेव्हनच्या किनाऱ्यावरील बर्ग बेटावर एका हॉटेलांत बसविली आहे. ज्या गोदींत हीं जहाजें जन्मलीं त्या मुंबईच्या वांट्यास त्यांतील एकही आलें नाहीं.

हीं झालीं परतंत्रतेंतील उदाहरणें. स्वातंत्र्यानंतरचें उदाहरण ‘विक्रांत’चें. १९७१ च्या युद्धांत पराक्रम केलेली ही विमानवाहू नौका १९९७ च्या जानेवारींत निवृत्त झाली. पुढें कांहीं वर्षें ती मुंबईस संग्रहालय म्हणून उभी होती. शाळकरी मुलें रांगा लावून पाहावयास जात. परंतु दुरुस्तीचा खर्च झेपेना, १९१४ च्या महायुद्धास शंभर वर्षें होत होतीं त्या २०१४ सालीं तिचा लिलांव झाला व ती मोडण्यास सुरुवात झाली. तिच्या पोलादाचा कांहीं अंश २०१६ सालीं बजाज कंपनीनें काढलेल्या मोटारसायकलींच्या टांकींत घालण्यांत आला. ज्या जमनालाल बजाजांनीं महात्माजींस वर्ध्यास आणलें त्यांच्याच घराण्याची ही कंपनी. तेव्हां ‘विक्रांत’चा एक कण वर्ध्याच्या रस्त्यांवरूनही धांवला असेल. ह्यांत आम्हांस हंसूं येत नाहीं. कॉबनेंही फुटलेल्या नौकेचें लांकूड विकलेंच होतें. फरक एवढाच कीं, त्या विक्रीच्या पैशांतून दुसरें जहाज वांचलें.

तथापि निराश होण्याचें कारण नाहीं. अजिंठ्याच्या लेण्यांतील पांचव्या शतकांतल्या एका चित्रावरून गोव्यांत केरळच्या कारागिरांनीं लोखंडी खिळा न वापरतां, फळ्या काथ्यानें शिवून, एक शिडाचें जहाज बांधलें. तें मे २०२५ मध्यें ‘कौण्डिन्य’ ह्या नांवानें कारवार येथें नौदलांत दाखल झालें. हा जीर्णोद्धार नव्हे. जेथें जीर्णही कांहीं उरलेलें नव्हतें तेथें केवळ चित्रावरून व हातांच्या स्मृतीवरून केलेली ती पुनर्निर्मिति आहे. परंतु तिनें एक गोष्ट सिद्ध केली: लांकूड जळालें, बुडालें, विकलें गेलें, तरी फळी शिवण्याची विद्या किनाऱ्यावर कोठें तरी एखाद्या म्हाताऱ्या कारागिराच्या बोटांत शिल्लक होती. ती बोटें गेलीं असतीं तर अजिंठ्याचें चित्र नुसतें चित्रच राहिलें असतें.

म्हणून आमचें सांगणें असें कीं, कोणत्याही जुन्या वस्तूच्या रक्षणार्थ निधि गोळा करूं लागलों म्हणजे पहिला पैसा वस्तूवर नव्हे, तर ती दुरुस्त करूं शकणाऱ्या मनुष्याच्या शागिर्दावर खर्च करावा. कोंकणांत लांकडी होड्या बांधणारे आतां थोडे उरले, आमच्याकडे मातीची भिंत नीट लिंपणारे त्याहून थोडे. ते गेल्यावर सागवान विकत मिळेल, माती फुकट मिळेल. फक्त त्यांना आकार देणारें कोणी मिळणार नाहीं.